आपण साकव बांधावा

देवाशपथ सांगतो, त्या माणसाइतकं माझं डोकं दुसऱ्या कुणीच उठवलं नाही. शाळेतल्या वांड पोरांनी नाही, बायकोनं नाही, सासऱ्यानं तर नाहीच नाही. आज इतकी वर्षं झाली, तरी समोरचा कुणी सहज 'आम्ही' म्हणाला की मी दचकतो. वाटतं, आता कुठूनतरी एक लांबलचक बोट वर होणार आणि आवाज येणार, "आम्ही कोण? आपण म्हणा."

तो आमच्या शाळेचा हेडमास्तर. हेडमास्तर म्हणजे तरी काय! हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध्याकडं जाणाऱ्या वाटेवर आमची दोन मास्तरांची शाळा. त्यातला एक तो आणि दुसरा मी. संस्थानचा काळ होता. मी गावचाच, आणि तो बदलून आलेला. आधी तोरण्याच्या मागं पासलीकडं कुठंतरी होता म्हणे. पुढं एकदा तिकडचा एक जण मला भोरच्या बाजारात भेटला. मी म्हटलं, तुमचा मास्तर आता आमच्याकडं आलाय. त्यानं आधी मागंपुढं बघितलं आणि हळूच विचारलं, "परत तर न्हाई ना यायचा?"

तोंडावर मी त्याला गुरुजी म्हणायचो. मनात जे म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

उंच, काटकुळा, ऐन वैशाखातही कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि काखेत छत्री. ही छत्री तो उघडत नसे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल, आठ आठ दिवस दम घेत नाही. त्या पावसात हा गृहस्थ मिटलेली छत्री काखेत मारून चिंब भिजत शाळेत यायचा. कारण काय, तर बरोबर दुसरं कुणी असल्याशिवाय छत्री उघडायची नाही. "एकट्यापुरतंच झाकायचं असेल तर टोपी पुरते की," म्हणायचा. वाटेत कुणी भेटलं की लगेच छत्री उघडून त्याला आत घ्यायचा, मग त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर इरलं का असेना. लोक छत्री बघितली की बांधावरनं दुसरीकडं वळायचे.

राहायला आमच्याच पडवीत होता आणि जेवायलाही आमच्याकडंच. पहिल्याच दिवशी ताटावर बसला, एक घास घेतला आणि म्हणाला, "आपल्या आमटीत मीठ जरा कमी पडलंय." आत बायकोनं पळी आपटली. "आपल्या म्हंजी? आमटी आमची, मीठ आमचं, चूल आमची. ह्यांचं काय हाय त्यात?" मी म्हटलं, "जीभ." त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण एक सांगायला हवं. त्याचं 'आपलं' तोंडदेखलं नव्हतं. पडवी गळायला लागली तेव्हा "आपलं छप्पर गळतंय" म्हणत तो जेवता जेवता उठला, मलाही उठवलं, आणि आम्ही दोघं उष्ट्या हातांनी छपरावर. खाली ताटं निवली. त्यानं एखाद्या गोष्टीला 'आपलं' म्हटलं की मी आधीच बाह्या सारायला घ्यायचो, कारण पाठोपाठ काम आलंच. गावानं त्याचं नाव 'आपुन मास्तर' ठेवलं ते काही कौतुकानं नव्हे.

खड्ड्याची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. शाळेसमोर बैलगाड्यांच्या चाकांनी एक खड्डा पडला होता. येणारा-जाणारा त्यात ठेचकाळायचा. मी म्हटलं, गुरुजी, दोन पाट्या मुरूम टाकतो, विषय मिटला. तर म्हणे, "खबरदार. एकट्यानं बुजवलात तर खड्डा तुमचा होईल. उद्या पुन्हा पडला की लोक तुमच्याच तोंडाकडं बघतील." शेवटी एका संध्याकाळी तो फिरायला गेल्यावर मी गपचूप खड्डा बुजवला. सकाळी जाऊन बघतो तर हेडमास्तर, गळ्यापर्यंत बटणं लावून, फावड्यानं तो खड्डा परत उकरतायत!

माकडवाला आल्यासारखं गाव गोळा झालं. पाटील आले. आमचे पाटील अंगानं आडदांड, तोंडानं फटकळ. म्हणाले, "मास्तर, याड लागलं का?"

"पाटील, हा खड्डा कुणाचा?"

"कुणाचा म्हंजी? रस्त्याचा."

"आणि रस्ता?"

"सरकारचा."

"मग ह्यात सरकार पडतं का? गेल्या बाजाराच्या दिवशी कोण पडलं होतं?"

पडले होते पाटीलच, आणि तेही हातात भेळीचा पुडा घेऊन. मागं बायका खुसुखुसु हसल्या. पाटलांचे कान लाल झाले. त्यांनी एकाच्या हातातली पाटी हिसकावली, मुरूम आणून खड्ड्यात ओतला, आणि पाटलानं ओतला म्हटल्यावर बाकीच्यांना गप बसता येईना. खड्डा बुजला. मी आदल्या दिवशी केलेलं काम दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस माणसांनी केलं, आणि हा बाबा जग जिंकल्यासारखा कोट झटकत वर्गात गेला. ह्याला शहाणपण म्हणायचं का?

त्याच्या सभा तर विचारूच नका. सभेत कुणी मान डोलावली की म्हणायचा, "मान नको, तोंड वापरा." प्रत्येकानं बोललंच पाहिजे. एक जण आला नसेल तर सभा सुरू नाही. हा उठून त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसायचा आणि तो कंटाळून निघेपर्यंत हलायचा नाही. पहिली सभा देवळाच्या पायऱ्यांवर होती. हा म्हणाला, "ह्या पायऱ्यांवर सगळ्यांना येऊ देता का?" वेशीबाहेरचे लोक लांब चिंचेखाली उभे होते. मग त्यानं सभा उचलली आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात नेली. तिथल्या दगडांवर कुणाची मालकी नव्हती. दगड असे तापायचे की बसवेना. दोन-चार जण तर तेव्हापासून सभेला आपणहून आलेच नाहीत, म्हणजे लोकांच्या ओट्यावर बसण्याच्या ह्याच्या फेऱ्या वाढल्या.

पुढं त्याची बदली झाली तेव्हा त्याला निरोपाचा नारळ द्यावा की नाही, ह्यावरही त्यानं स्वतःच सभा घेतली. एक म्हातारी म्हणाली, "कशाला? नारळ म्हाग झालेत." झालं! सगळ्यांचं एकमत नाही, म्हणून नारळ नाही. गेला तसाच.

आता साकवाचं सांगतो.

आमचं गाव आणि पल्याडची वाडी ह्यांच्या मधून ओढा वाहतो. आठ महिने त्यात म्हशी बसतात आणि उरलेले चार महिने तो माणसं खातो. ओढ्यावर कायमचा साकव, म्हणजे लाकडी पूल, नव्हता. गावातले लोक दोन खोडं आडवी टाकायचे, पहिल्या लोंढ्याला ती जायची, आणि मग दसऱ्यापर्यंत अल्याडचे अल्याड आणि पल्याडचे पल्याड. दरवर्षी शिमगा झाला की गाव वर कचेरीत अर्ज पाठवायचं, सरकारनं साकव बांधून द्यावा म्हणून. मग वाट बघायची. आमच्या गावानं एवढंच एक काम पिढ्यान् पिढ्या नेमानं केलं होतं.

माझी धाकटी बहीण गोदी त्या पल्याडच्या वाडीत दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, सुखरूप झालं. दुसरं सासरी, आषाढात. सुईण भागाबाई अल्याडची. ओढ्याला पाणी. ते मूल गेलं. गोदी वाचली ती तिच्या नशिबानं. आणि आता ह्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले होते आणि पुन्हा आषाढच धरला होता. मी तिच्या सासूच्या हातापाया पडलो, पोरीला अल्याड पाठवा म्हणून. सासू म्हणाली, "तिसरं बाळातपण म्हायेरी? लोक त्वांडात शेण घालतील. आन लावणीला हात कुठनं आणू म्या?"

ह्या सगळ्यावर हेडमास्तरांनी ओढ्यात सभा भरवली. बघितलं आणि म्हणाला, "निम्मं गाव घरात आहे." बायकांना बोलावणं गेलं. त्या येऊन पदर तोंडाला लावून एका बाजूला बसल्या. पाटलांनी कपाळाला हात लावला. हेडमास्तर एकेकीला विचारत सुटला आणि विचारत विचारत भागाबाईपाशी आला.

"मला इचारता व्हय?" ती म्हणाली. मग जरा थांबून बोलायला लागली. "म्या ह्या हितं काठावर उभी व्हते. पल्याड गोदीची सासू हाका मारत व्हती. आवाज येत व्हता, पर जाता येत न्हवतं. दिवस बुडायला हाका थांबल्या. मंग म्या घरला आले."

गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. पण असं चारचौघांत कुणी बोललं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. पाटलांनी खाकरून म्हटलं, "मास्तर, ल्ह्या अर्ज. ह्या वर्साला साकव झालाच पायजे."

हेडमास्तरांनी मांडीवर पाटी घेतली, तिच्यावर कागद ठेवला, लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पावसाळ्यापूर्वी ओढ्यावर आपण साकव बांधावा, व त्यास लागणारे लाकूड जंगलातून घेण्यास हरकत नसावी, ही सर्व गावकऱ्यांची विनंती." मग एकेकाला विचारलं, आपण साकव बांधावा, कबूल आहे का? एकेक जण व्हय म्हणाला. पाटील तर खूश झाले. "सरकारला 'आपण' घातलं, ते झ्याक केलं. मान दिल्याबिगर सरकार हालत न्हाई."

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उत्तर आलं. वर मोठ्या अक्षरात, अर्ज मंजूर! पाटलांनी पुढचं वाचायच्या आत गूळ वाटला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावाचा अर्ज मंजूर झाला होता. तोंडातला गूळ विरघळेपर्यंत मी पुढचं वाचलं. "अर्जात लिहिल्याप्रमाणे गावकऱ्यांनी आपला साकव बांधण्यास हरकत नाही. लाकडास परवानगी आहे."

पाटलांना आधी कळेचना. "गावकऱ्यांनी? आमी कुठं म्हनलं आमी बांधतो? आपण म्हंजी सरकार वो! सरकारला काय अरं-तुरं करणार का?"

हेडमास्तर शांत. "आपण म्हणजे आपण, पाटील. मी प्रत्येकाला विचारलं होतं. सगळ्यांत आधी तुम्हीच व्हय म्हणालात."

"आवो, म्या सरकारसाठी व्हय म्हनलो!"

काय गलका झाला म्हणता! कुणी म्हणे फसवलं, कुणी म्हणे मास्तराला ओढ्यात बुडवा. वाटेत मी त्याला गाठलं. म्हटलं, गुरुजी, खरं सांगा, हे तुम्ही मुद्दाम केलंत? तर चालता चालता म्हणाला, "व्याकरणात दोन्ही बरोबर आहे." ओढा कोरडा होता म्हणून तो त्या दिवशी वाचला.

तुम्ही म्हणाल, मग गाव एक झालं आणि साकव बांधला. गाव एक झालं ते त्याला शिव्या घालायला. अल्याडचे, पल्याडचे, वेशीबाहेरचे, वरच्या धनगरवाड्यातले, ज्यांचं कधी एकमेकांशी पटलं नाही ते सगळे मास्तर येडा आहे ह्यावर एकदम सहमत झाले. "सरकारी साकव ऱ्हाऊ द्या," पाटील म्हणाले, "ह्या मास्तराला दाखवूनच देऊ." लोक कुऱ्हाडी घेऊन जंगलात शिरले. झाडावर घाव घालताना मास्तराचं नाव घ्यायचे. धनगरांना आधी बोलावलं तेव्हा त्यांचा म्हातारा कारभारी म्हणाला होता, "आमाला कशाला साकव? आमची म्हसरं पवून जात्यात." पण मास्तराला दाखवून द्यायचं म्हटल्यावर तेही उतरले.

आणि सगळ्यांनी मिळून एक अट घातली, मास्तरानं लाकडाला हात लावायचा नाही. तो कोटाच्या बाह्या वर करून आला, तर पाटलांनी त्याला दगडावर बसवलं. तो म्हणाला, "अहो, आपण बांधायचं ठरलं होतं." पाटील म्हणाले, "आपुनच बांधतोय. तुमी बसा." बसला बिचारा, काखेत छत्री घेऊन. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्याचंच औषध त्याला पाजलं गेलं होतं.

पण हे सुख फार टिकलं नाही. दोन तुळया टाकून झाल्या आणि भांडण लागलं. अल्याडचे म्हणाले, साकवावर म्हशी चढवायच्या नाहीत. धनगर म्हणाले, मग आमी लाकडं कुणासाठी वाहायची? पल्याडचे म्हणाले, साकव आमच्या वावरात उतरतो, आमी म्हणू तसं. आमी, आमी, आमी! कुऱ्हाडी खाली पडल्या. रायरेश्वराच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता, आणि दोन तुळया नुसत्या ओढ्यावर पडून होत्या. त्यांवरून मांजरही गेलं नसतं.

माझा तोल सुटला. मी सरळ त्या दगडापाशी गेलो. "झालं समाधान? सरळ शब्दांत अर्ज लिहिला असतात तर निदान वाट तरी बघितली असती. तुमच्या एका शब्दापायी माझी बहीण मरणार आहे, गुरुजी. माझी बहीण!"

माणसानं वरमावं की नाही? त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हे मला काय सांगता? साकव मी अडवलाय का? ज्यांनी अडवलाय त्यांना सांगा. एवढ्या सभा झाल्या, तुम्ही एकदाही तोंड उघडलं नाहीत."

आता हे बोलणं झालं? मी त्याचा दुय्यम, गावचा मास्तर. चारचौघांत बहिणीच्या बाळंतपणाचं बोलायचं मी? संतापानं मी वळलो आणि त्या भांडणाऱ्या घोळक्यात शिरून ओरडलो, "भांडा! खुशाल भांडा! तिकडं आपल्या गोदीचे दिवस भरत आलेत. भागाबाईला परत काठावर उभी करा आणि हाका ऐकत बसा सगळे!"

तोंडातून 'आपल्या गोदीचे' गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. असा राग आला स्वतःचा! त्याचा रोग मला लागला होता. मी मागं बघितलंच नाही, तो बोट वर करून बसला असेल ह्या धास्तीनं.

धनगरांच्या म्हाताऱ्यानं तंबाखू थुंकली. "म्हसरं पवत्यात," तो म्हणाला. "पोरीला काय पवता येतंय व्हय? उचला रं." आणि तिसरी तुळई उचलली गेली. मग वर बांबूचे कळक आले, वाखाचे दोर आले, दोन्ही टोकांना दगडांची मजबूत भर आली. मृग दारात होता. शेवटची गाठ मारली तेव्हा थेंब पडायला लागले होते.

आषाढात गोदीला कळा लागल्या त्या दिवशी ओढा दोन्ही काठ घेऊन चालला होता. तांबडं पाणी, वरून मुसळधार. भागाबाईनं इरलं घेतलं, काठाला आली आणि साकव बघून जागच्या जागी थांबली. मी मनात म्हटलं, आता ही परत फिरते. पाटील तिच्या मागं उभे राहिले, धनगराचा एक गडी पुढं झाला, आणि ती चालायला लागली. मध्यावर आल्यावर तिचा आवाज ऐकू आला, "कुणी केलाय रं ह्यो? हालतोय की!" पाटील मागून ओरडले, "आपुन केलाय! गप चाल!"

ती पोचली. पाटील पल्याडच थांबले. आम्ही अल्याड. बायको माझ्याजवळ उभी होती, देवाचं नाव घेत होती. शाळा कधीच सुटली होती. हेडमास्तर जरा लांब उभा होता, एकटाच, मिटलेली छत्री काखेत, कोटातून पाणी गळतंय. त्याच्या सावलीलाही कुणी गेलं नव्हतं आणि तोही कुणाजवळ आला नव्हता. पल्याडून काही ऐकू येत नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. मागच्या खेपेला हाका तरी ऐकू येत होत्या. ह्या खेपेला आम्हाला त्याही ऐकू येईनात. मी काय काय नवस बोललो ते माझं मला ठाऊक.

दुपार कलली तशी पल्याडच्या चिखलातून पाटील येताना दिसले. साकवावरून तो आडदांड माणूस जवळजवळ पळतच आला. डोईचं पागोटं सुटून गळ्यात आलेलं. मी पुढं झालो, पण त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते तडक हेडमास्तरापुढं जाऊन उभे राहिले, आणि ज्या माणसाला त्यांनी उन्हाळाभर शिव्या घातल्या त्याला म्हणाले, "मास्तर, आपल्याला पोरगी झाली! गोदी बरी हाय, पोरगी झ्याक हाय. आपल्याला पोरगी झाली!"

मी तिथंच चिखलात बसलो. मला वाटलं, आता हा माणूस रडेल, निदान हसेल तरी. आयुष्यभर ज्या शब्दासाठी त्यानं गावाचा जीव खाल्ला, तो आज पाटलाच्या तोंडातून आपणहून आला होता.

हेडमास्तरांनी नाकावरचं पाणी पुसलं. लांबलचक बोट वर केलं. "आपल्याला कशी, पाटील? कळा तिनं सोसल्या. तिला झाली म्हणा."

मी डोळे मिटून घेतले. आता हा पाटील ह्याला उचलून ओढ्यात टाकणार, आणि मी अडवणार नव्हतो.

"आयला ह्या मास्तराच्या!" पाटील गरजले. त्यांनी हात घातला, हेडमास्तराच्या काखेतली छत्री खसकन ओढली, उघडली आणि स्वतःच तिच्याखाली शिरले. "या आत," ते म्हणाले, "भिजताय किती!"